दवाखान्यातली, अर्जातली आणि गप्पांतली ‘हिस्टरी’

परदेशात मुलाकडे किंवा मुलीकडे राहायला गेलेल्या आईवडिलांना कधी ना कधी तिथल्या दवाखान्याची पायरी चढावी लागते. पहिल्याच भेटीत हातात एक फॉर्म येतो, किंवा नर्स समोर बसून प्रश्न विचारू लागते, आणि तेवढ्या वेळात ‘हिस्टरी’ हा शब्द चार-पाचदा कानावर पडतो. मेडिकल हिस्टरी, फॅमिली हिस्टरी, ड्रग हिस्टरी, सोशल हिस्टरी. शब्द शाळेपासून ओळखीचा असतो, त्यामुळे त्याचा अर्थ विचारावा असं कुणाला वाटत नाही. गफलत होते ती इथेच.

इंग्रजी बोलणारा माणूस रोजच्या व्यवहारात हा शब्द उच्चारतो तेव्हा त्याच्या डोक्यात राजे, लढाया आणि सनावळ्या नसतात. त्याला बहुतेक वेळा एवढंच म्हणायचं असतं: मागे घडलेलं असं काही आहे का, ज्याचा आजच्या निर्णयावर परिणाम होईल? किंवा याच्या बरोबर उलट: ते मागचं आता मोजायचं नाही. या दोन टोकांपैकी कोणतं टोक पकडायचं, हे शब्दाच्या आजूबाजूला काय आहे यावरून कळतं. मागे ‘अ’ आहे का, पुढे ‘ऑफ’ आहे का, क्रियापद कोणतं आहे, इकडे लक्ष द्यायचं. ‘हिस्टरी’ म्हणजे इतिहास एवढ्या भांडवलावर फार लांब जाता येत नाही.

दवाखान्यापासूनच सुरुवात करू, कारण तिथे चुकीचं उत्तर महागात पडतं.

‘फॅमिली हिस्टरी’ विचारतात तेव्हा डॉक्टरला तुमच्या रक्ताच्या नात्यातले आजार हवे असतात. आई, वडील, सख्खी भावंडं आणि मुलं ही पहिली. मग आजी-आजोबा, मामा, आत्या, काका, मावशी. ‘एनी फॅमिली हिस्टरी ऑफ हार्ट डिसीज?’ या प्रश्नाला आपल्याकडचे काका सरळ सांगून टाकतात, ‘येस, माय वाइफ, बायपास.’ घरात आजार आहे, म्हणजे फॅमिलीत आहे, हे आपल्या दृष्टीने अगदी रास्त. पण बायकोचं बायपास नवऱ्याच्या हृदयाबद्दल काही सांगत नाही, आणि नवऱ्याच्या धाकट्या भावाला पन्नाशीच्या आत आलेला झटका मात्र खूप काही सांगतो. वडील किंवा भाऊ यांना ५५ च्या आत, आई किंवा बहीण यांना ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर डॉक्टर त्याची दखल वेगळी घेतात. म्हणून नुसतं ‘हो’ म्हणून थांबू नका. कोणाला आणि कितव्या वर्षी, हे दोन्ही सांगा.

‘ड्रग हिस्टरी’ ऐकून आपली माणसं चपापतात. ब्रिटनमध्ये डॉक्टर हा शब्दप्रयोग करतात तेव्हा त्यांना अमली पदार्थ अभिप्रेत नसतात. तुम्ही रोज कोणती औषधं घेता, किती मात्रेत घेता, कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, एवढंच त्यांना हवं असतं. अमेरिकेत यासाठी सहसा ‘मेडिकेशन्स’ असा रकाना असतो, आणि ‘ड्रग यूज’ लिहिलेलं असेल तर मात्र नशेच्या पदार्थांबद्दल विचारलेलं असतं. एकाच शब्दाने अटलांटिकच्या दोन काठांवर वेगवेगळे अर्थ घेतले आहेत, तेव्हा आपण कोणत्या काठावर आहोत हे लक्षात ठेवावं. या उत्तरात काढे, चूर्णं, गुग्गुळ, होमिओपथीच्या गोळ्या आणि गावाकडून आणलेल्या जडीबुटीही सांगायच्या असतात. ‘ते काय औषध थोडंच आहे’ असं म्हणून आपण गाळतो, आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाने अशी एखादी वनस्पती पोटात घेतलेली डॉक्टरला ठाऊकच नसते.

सगळ्यात जास्त फसवतो तो ‘सोशल हिस्टरी’ हा शब्द. त्यात समाजातलं तुमचं स्थान, घराणं, निवृत्तीच्या वेळचा हुद्दा यातलं काहीही विचारलेलं नसतं. तंबाखू आणि दारू, आयुष्यभर केलेलं काम, घरी सोबत कोण असतं, जिने चढावे लागतात का, स्वतःची आंघोळ स्वतः करता येते का, हे सगळं या शीर्षकाखाली येतं. ‘डू यू स्मोक?’ ला ‘नो’ म्हणणाऱ्या आपल्या कितीतरी आयांनी वर्षानुवर्षं सकाळी मिश्री लावलेली असते. मिश्री म्हणजे तंबाखूच, आणि तोंडाच्या तपासणीत तो मुद्दा फार महत्त्वाचा ठरतो. विचारलेलं नसलं तरी तिथे आपणहून सांगावं.

डॉक्टर हिस्टरी ‘घेतात’ आणि रुग्ण ती ‘देतो’. आपल्याकडच्या केसपेपरवर ‘एच/ओ’ ही जी दोन अक्षरं दिसतात, ती ‘हिस्टरी ऑफ’चीच. हा वरवरचा उपचार नाही, खरं काम तिथेच होतं. १९७५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये बाह्यरुग्ण विभागातल्या ८० नव्या रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६६ जणांच्या बाबतीत संदर्भचिठ्ठी आणि रुग्णाने सांगितलेली हकिगत एवढ्यावरून केलेलं निदान शेवटपर्यंत टिकलं. तपासण्यांनी निदान बदललं ते थोड्याच जणांचं. तेव्हा डॉक्टर ‘टेल मी व्हॉट हॅपन्ड’ म्हणाले की सुरुवातीपासून, क्रमाने सांगायचं: दुखणं कधी सुरू झालं, आधी काय झालं, मग काय वाढलं, कशाने बरं वाटतं. गेल्या वर्षीच्या सोनोग्राफीचा अहवाल पुढे सरकवला म्हणजे हिस्टरी दिली असं होत नाही. ज्याला असं नीट सांगता येत नाही त्याच्या कागदावर काही डॉक्टर ‘पुअर हिस्टोरियन’ असा शेरा मारतात. आईच्या डिस्चार्ज पेपरवर तो वाचून एखाद्या मुलाला वाटेल की आईच्या शिक्षणावर कोणी बोट ठेवलं. खरा अर्थ एवढाच, की रुग्णाकडून स्पष्ट हकिगत मिळाली नाही. अनेकदा त्यामागे भाषेचीच अडचण असते. तिथल्या रुग्णालयात दुभाषा मागता येतो. तो मागावा, संकोच करू नये.

आता दवाखान्याबाहेर पडू. तिथला एक शब्दप्रयोग मात्र सोबत घेऊ, कारण शिफारसपत्रांत आणि नोकरीच्या अर्जांत आपले लोक त्यावर हमखास अडखळतात. तो म्हणजे ‘हॅज अ हिस्टरी ऑफ’.

‘ही हॅज अ हिस्टरी ऑफ’ एवढं कानावर पडलं की इंग्रजी भाषक पुढे काहीतरी वाईट ऐकायच्या तयारीत असतो. हिंसेची, व्यसनाची, कर्ज थकवल्याची, अर्ध्यावर काम सोडून जाण्याची. वैद्यकीय भाषेतून आलेली सावली या वाक्यावर कायम असते. एखाद्या प्राध्यापकाने विद्यार्थिनीसाठी मनापासून लिहिलेलं वाक्य पाहा: ‘शी हॅज अ हिस्टरी ऑफ हेल्पिंग ज्युनिअर्स.’ व्याकरणात चूक नाही. तरीही परदेशातल्या प्रवेशसमितीच्या कानाला ते खटकतं, जणू मदत करणं ही तिची जुनी खोड आहे. चांगल्या गोष्टीसाठी इंग्रजीत ‘ट्रॅक रेकॉर्ड’ आहे: ‘शी हॅज अ स्ट्राँग ट्रॅक रेकॉर्ड ऑफ मेंटरिंग ज्युनिअर्स.’ त्याहून साधं आणि त्याहून चांगलं, ‘फॉर थ्री इयर्स शी हॅज मेंटॉर्ड ज्युनिअर्स.’ माझं मत विचाराल तर शिफारसपत्रात दुसरंच वाक्य लिहावं. ते काय केलं ते सांगतं, आणि त्यात फसण्यासारखा शब्दच नाही.

संस्थेबद्दल लिहिताना ‘अ लाँग हिस्टरी ऑफ’ मात्र चालतं. महाविद्यालयाला शंभर वर्षं झाली असतील तर ‘द कॉलेज हॅज अ लाँग हिस्टरी’ यात आदर आहे. ‘रिच’, ‘प्राउड’, ‘लाँग’ असं चांगलं विशेषण पुढे आलं की वाक्याचा रंग पालटतो. ‘चेकर्ड हिस्टरी’ म्हटलं तर समजावं की बरे-वाईट दोन्ही दिवस पाहिले आहेत, आणि बोलणारा वाइटाकडे जरा जास्त बोट दाखवतो आहे.

आता ‘अ’ आणि ‘ऑफ’ दोन्ही काढून टाका. ‘दे हॅव हिस्टरी.’ अर्थ पार बदलला. त्या दोघांचं पूर्वी काहीतरी होतं: प्रेम, भांडण, मोडलेली भागीदारी. आपण ‘त्यांचं जुनं आहे’ म्हणतो, अगदी तसंच, आणि तसंच मोघम. ऑफिसातला कोणी बैठकीआधी हळूच म्हणाला, ‘देअर इज सम हिस्टरी देअर,’ तर त्याने तुम्हाला सावध केलं आहे. या दोघांना एका कामावर एकत्र घालू नका, एवढाच त्याचा मतलब. ‘व्हॉट हिस्टरी?’ असं चारचौघांत विचारायचं नसतं. आपल्याकडे दोन घरांचा तीन पिढ्यांचा घरोबा असतो आणि तो सांगायला कोणी उत्साहाने म्हणतं, ‘अवर फॅमिलीज हॅव हिस्टरी.’ ऐकणाऱ्याला वाटतं, कोर्टकचेरी झालेली दिसते. घरोब्यासाठी म्हणायचं ‘अवर फॅमिलीज गो बॅक अ लाँग वे.’

गुन्हेगारीच्या बाबतीत एक शब्द आपण खास आपला म्हणून ओळखून ठेवायला हवा. ‘हिस्टरीशीटर’ हा शब्द भारतीय पोलिस ठाण्यांतला. सराईत गुन्हेगाराच्या नावाने ठेवलेली हिस्टरीशीट, आणि ती ज्याच्या नावाने उघडली तो हिस्टरीशीटर. लंडनच्या किंवा शिकागोच्या माणसाला हा शब्द कळणार नाही. तिथे ‘ही हॅज अ क्रिमिनल रेकॉर्ड’ म्हणतात. ब्रिटिश बोलीत ‘ही हॅज फॉर्म’ किंवा नुसतं ‘ही हॅज प्रीव्हियस’ असंही म्हणतात. दुसऱ्यात ‘कन्व्हिक्शन्स’ हा शब्द गिळलेला आहे. गंमत अशी की हे दोन्ही प्रयोग आता घरातही चालतात. भाचा दर वेळी उशिरा येत असेल तर ‘ही हॅज फॉर्म’. त्याला तुरुंगात पाठवलेलं नसतं.

अर्ज आणि पैशांच्या बाबतीत हा शब्द कोरडा असतो, तिथे फार थांबायला नको. ‘एम्प्लॉयमेंट हिस्टरी’ लिहिताना सध्याची नोकरी सगळ्यात वर आणि पहिली सगळ्यात खाली. मध्ये वर्षभराची मोकळीक असेल तर तिचं कारण एका ओळीत द्यावं. ‘ॲड्रेस हिस्टरी’ म्हणजे गेल्या काही वर्षांत राहिलेल्या सगळ्या जागा, तारखांसह, एकही महिना न सोडता. इंग्लंड किंवा वेल्समध्ये शाळेत किंवा रुग्णालयात काम करायचं तर ‘डीबीएस’ नावाची पार्श्वभूमी-तपासणी होते, तिच्यासाठी पाच वर्षांचे पत्ते द्यावे लागतात. पुण्यातल्या भाड्याच्या खोल्यांचे पत्ते त्यासाठी जपून ठेवा. ब्रिटनमध्ये जुनी गाडी विकत घेताना जाहिरातीत ‘फुल सर्व्हिस हिस्टरी’ असेल तर प्रत्येक सर्व्हिसिंगची नोंद हजर असायला हवी. ‘पार्ट’ लिहिलं असेल तर किंमत पाडून मागावी.

‘क्रेडिट हिस्टरी’बद्दल मात्र एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्या घरांत ‘मी आयुष्यात कुणाचं एक रुपयाचं कर्ज घेतलं नाही’ हे अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान खोटा नाही. पण बँकेच्या भाषेत ‘नो हिस्टरी’ म्हणजे चांगली हिस्टरी नव्हे. तुम्ही पैसे परत करता की नाही हे कळायला नोंदच नाही, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे सिबिलच्या अहवालात अशा माणसापुढे ३०० ते ९०० मधला आकडा न येता ‘एनएच’ येऊ शकतं, म्हणजे हिस्टरीच नाही. अमेरिकेत पहिल्यांदा गेलेल्या इंजिनिअरची हीच गत होते. इथला त्याचा उत्तम सिबिल स्कोअर तिथल्या ब्युरोंच्या नोंदीत आपोआप जात नाही, आणि तिथल्या ३०० ते ८५० च्या मोजपट्टीवर त्याची जागाच नसते. त्याने पहिल्याच महिन्यांत अनामत ठेवून मिळणारं छोटं क्रेडिट कार्ड घ्यावं, किराण्यापुरतं वापरावं आणि बिल मुदतीत पूर्ण फेडावं. पुढे घर घ्यायची वेळ येते तेव्हा हीच नोंद बँक पाहते.

गप्पांतली ‘हिस्टरी’ याहून कितीतरी रसाळ आहे. ‘अँड द रेस्ट इज हिस्टरी’ हे वाक्य कहाणी अर्ध्यावर थांबवायला वापरतात. ६ जुलै १९५७ रोजी लिव्हरपूलच्या वूल्टन भागात सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत जॉन लेननचा बँड वाजत होता, आणि तिथे त्याची पंधरा वर्षांच्या पॉल मॅकार्टनीशी ओळख करून देण्यात आली. ‘अँड द रेस्ट इज हिस्टरी’. पुढचं सांगायची गरज नाही, कारण बीटल्स सगळ्यांना माहीत आहेत. अट हीच: ऐकणाऱ्याला पुढचं ठाऊक हवं. मित्रांच्या जेवणात नवराबायकोने आपली पहिली भेट सांगून हे वाक्य टाकलं तर शोभतं, कारण पुढची कहाणी समोरच बसलेली असते. नोकरीच्या अर्जात ‘आय जॉइन्ड रोबोटिक्स क्लब अँड द रेस्ट इज हिस्टरी’ लिहिलं तर वाचणाऱ्याला पुढचं काहीच माहीत नसतं, आणि नेमकं तेच त्याला वाचायचं असतं.

‘दॅट्स एन्शंट हिस्टरी’ म्हणजे झालं गेलं गंगेला मिळालं. मोहेंजोदडोशी संबंध नाही. गेल्या उन्हाळ्यातलं भांडणही ‘एन्शंट’ होऊ शकतं. कोणी हे म्हटलं की तो विषय तिथेच सोडावा. मोठ्या मनाने माफ केल्यावर हे म्हणतात, तसंच स्वतःची चूक झाकायलाही म्हणतात, आणि कोणत्या कारणाने म्हटलं ते चेहऱ्यावरूनच कळतं. जो तरीही जुनी मढी उकरतो तो ‘डिग्ज अप’ किंवा ‘रेक्स अप एन्शंट हिस्टरी’.

‘यू आर हिस्टरी’ ही अमेरिकी बोली, सिनेमांनी जगभर पोहोचवलेली. तुझा खेळ खल्लास. ‘ही इज हिस्टरी’ यात माणूस मेला, त्याला नारळ मिळाला, किंवा मैत्रिणीने त्याला सोडलं, यातलं काहीही असू शकतं. आधीचं बोलणं ऐकल्याशिवाय अर्थ लावू नये. आपण स्वतः हे ऑफिसात कोणाला म्हणू नये, हसत हसतही नाही. हाताखालच्या माणसाला ती धमकी वाटते आणि एचआरकडे तशीच पोहोचते.

मग उरतं ते मोठ्या प्रसंगांचं इंग्रजी, आणि आपली वर्तमानपत्रं नेमकी इथे वेगळी वाट धरतात. भारतीय इंग्रजीत खेळाडू ‘क्रिएट्स हिस्टरी’. इंग्लंड-अमेरिकेत ‘मेक्स हिस्टरी’. ६ मे १९५४ रोजी ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड मैदानावर रॉजर बॅनिस्टर ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत मैल धावला, तेव्हा त्याने हिस्टरी ‘मेक’ केली. १९५२ साली हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिलं, तेही इंग्रजीत सांगताना ‘मेड हिस्टरी’च. ‘क्रिएट’ आपल्या देशात सर्रास चालतं आणि इथल्या वाचकासाठी ते चूक मानायचं कारण नाही. लेख परदेशी मासिकाला पाठवणार असाल तर मात्र बदला.

आणि शेवटची अडचण विशेषणांची. मराठीत कादंबरीही ऐतिहासिक, विजयही ऐतिहासिक आणि वाडाही ऐतिहासिक. इंग्रजीत ‘हिस्टॉरिकल’ म्हणजे गतकाळाशी किंवा त्याच्या अभ्यासाशी संबंधित, आणि ‘हिस्टॉरिक’ म्हणजे इतिहासात ज्याचं महत्त्व आहे असं. कादंबरी ‘हिस्टॉरिकल’, विजय ‘हिस्टॉरिक’. १८६८ साली स्थापन झालेली अभ्यासकांची संस्था ‘रॉयल हिस्टॉरिकल सोसायटी’ आहे, तर जुन्या वास्तूंची काळजी घेणारी सरकारी संस्था ‘हिस्टॉरिक इंग्लंड’. दोन्ही नावं पाठ करून ठेवली तर फरक विसरला जात नाही. वाडा मात्र दोन्हीकडे बसू शकतो: त्यात काही मोठं घडलं असेल किंवा त्याचं वास्तू म्हणून मोल असेल तर ‘हिस्टॉरिक’. लिहिताना शंका आली तर ‘महत्त्वाचा’ हा शब्द त्या जागी घालून पाहावा. ‘महत्त्वाचा निकाल’ म्हणता येतो, तेव्हा ‘हिस्टॉरिक’. ‘महत्त्वाची कागदपत्रं’ आणि ‘जुन्या काळातली कागदपत्रं’ यांपैकी तुम्हाला दुसरी म्हणायची असतील, तर ‘हिस्टॉरिकल’. काही वयस्क इंग्रज ‘ॲन हिस्टॉरिक’ म्हणतात आणि ‘ह’ जवळजवळ गिळतात. ते त्यांच्या तोंडी शोभतं. आपला ‘ह’ ठणठणीत आहे, आपण ‘अ हिस्टॉरिक’ म्हणावं आणि लिहावं.